रेषेपलीकडचा मुलूख, लांबट चौकटीतून

सोमवार : ॲडलेड ते हॉकर

आउटबॅकला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड मुलखात, जायचं तर थंडीत, म्हणजे इथल्या जून ते ऑगस्टमध्ये. एरवी तिकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, माश्या नाकातोंडात शिरतात आणि झळांमुळे लांबचा डोंगर लेन्समधून नुसता थरथरताना दिसतो. जूनअखेरीला हवा स्वच्छ असते, सूर्य दिवसभर तिरपा असतो, फक्त रात्री हाडं गोठतात. नवऱ्याची रजा शिल्लक नव्हती, लेकाची शाळा होती, म्हणून या खेपेला गाडीत मी आणि बाबा. बाबा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. वाई-जावळीच्या डोंगरउतारांवरच्या जमिनी मोजण्यात त्यांची उभी हयात गेली. फोटो काढण्याचा त्यांना कंटाळा. पण तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, कसं रोवायचं, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर कसा आणायचा आणि कोन कसा वाचायचा हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पॅनोरमा, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेलं लांबट चित्र, काढणाऱ्याला खरं तर तेच लागतं.

क्लेअरचे द्राक्षमळे मागे पडले, जेम्सटाउनची गव्हाची शेतं संपली आणि ऑरोरूच्या पुढे झाडं विरळ होत होत दिसेनाशी झाली. गॉयडरची रेषा इथूनच जाते. जॉर्ज गॉयडर हा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर जनरल, म्हणजे बाबांच्या भाषेत ‘सगळ्यात वरचा साहेब’. १८६५ च्या दुष्काळात घोड्यावरून फिरून त्याने नकाशावर एक रेषा आखली. तिच्या दक्षिणेला पेरावं, उत्तरेला फक्त जनावरं चारावीत. पावसाच्या आकड्यांपेक्षा त्याने भरवसा ठेवला झुडपांवर. सॉल्टबुश नावाचं राखाडी, खारट पानांचं झुडूप सुरू झालं की पिकाची आशा सोडायची. पुढे काही वर्षं पाऊस चांगला झाला. नांगर जाईल तिथे पाऊस येतो असं लोक म्हणू लागले, सरकारनेही रेषेची अट उठवली आणि शेतकरी उत्तरेकडे सरकले. १८८० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांना परत पाठवलं. त्यांची दगडी घरं छपराविना अजून उभी आहेत.

“मोजणीवाल्याचं कोणी ऐकत नाही, हे इथेही आहे तर,” बाबा म्हणाले. आवाजात समाधान होतं.

क्रॅडॉकच्या अलीकडे अशाच एका घरापाशी गाडी थांबवली आणि तिकाटणं बाहेर काढलं. पॅनोरमा म्हणजे ‘जास्त मावतं’ असं सगळ्यांना वाटतं. फोनवर हात फिरवून काढलेल्या लांबलचक पट्ट्या बघितल्या की हा समज कुठून येतो ते कळतं. माझा अनुभव उलटा आहे. लांबट चौकट आधी वरचं आभाळ कापते, मग पायाखालची जमीन कापते, आणि उरलेल्या पट्टीत काही नसेल तर ते लपवायला जागा ठेवत नाही. आउटबॅकमध्ये तर हे फारच जाणवतं, कारण तिथे आभाळ आणि जमीन याच दोन गोष्टी मुबलक आहेत.

माझी पद्धत ठरलेली. कॅमेरा उभा, पन्नास मिलिमीटरची लेन्स, डावीकडून उजवीकडे अठरा-अठरा अंशांनी फिरवत सहा फ्रेम. प्रत्येक फ्रेमचा एक तृतीयांश भाग शेजारच्या फ्रेमवर चढतो. जोडल्यावर साधारण १२० अंशांचं, उंचीच्या तिप्पट रुंद चित्र मिळतं. हे प्रमाण आलं फिल्मच्या ६१७ कॅमेऱ्यांकडून. लिनहॉफ आणि फुजीचे ते अवजड कॅमेरे जवळपास सतरा सेंटिमीटर लांबीचं एकच निगेटिव्ह काढायचे आणि ‘१२०’ नावाच्या फिल्मच्या एका रोलवर फक्त चार फोटो बसायचे. केन डंकन या फोटोग्राफरने ऑस्ट्रेलियाची रुंद चित्रं घरोघरी पोचवली ती याच घाटाची. चार फोटोंचा रोल असला की माणूस बटण दाबण्याआधी थोडं चालतो, वाकून बघतो. डिजिटलमध्ये ती शिस्त आपली आपण आणावी लागते.

बाबांना रस वाटला तो एकाच गोष्टीत. कॅमेरा तिकाटण्याच्या स्क्रूभोवती फिरतो, पण फिरायला हवा तो लेन्सच्या आतल्या एका ठरावीक बिंदूभोवती. नाहीतर जवळचा खांब आणि मागचा डोंगर यांचं एकमेकांशी असलेलं नातं प्रत्येक फ्रेममध्ये बदलतं आणि जोड फाटतो. “म्हणजे थिओडोलाइट खुंटीवर सेंटर करतो तसं,” ते आपल्या कोन मोजायच्या यंत्राची आठवण काढत म्हणाले आणि कामाला लागले. एक काटकी चार हातांवर रोवली, दुसरी वीस पावलांवर, दोन्ही एका रेषेत. मी कॅमेरा डावीकडे फिरवला, मागची काटकी पुढचीच्या आडून डोकावली. खालची सरकपट्टी थोडी मागे ओढली. आता उजवीकडे फिरवलं. अजून डोकावत होती, पण निम्मीच. “अजून दोन मिली मागे.” तिसऱ्या खेपेला कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला तरी मागची काटकी पुढचीच्या पाठीशीच राहिली. त्यांनी पट्टीवर पेन्सिलने रेघ ओढली आणि खिशातून एक जुनी फील्ड बुक काढून आकडा लिहून घेतला. ही वही वाईहून आली होती हे मला तेव्हा कळलं.

घराचा फोटो बरा आला. भिंतीचा तांबूस दगड, चुलीचं धुराडं शाबूत, आणि दोन्ही बाजूंना सॉल्टबुश. चुलीशेजारच्या भिंतीवर अजून काजळी होती.

मंगळवार : विल्पेना पाउंड

हॉकरपासून पंचावन्न किलोमीटरवर फ्लिंडर्स पर्वतरांगेतलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण. डोंगरांचं एक मोठं लांबट कडं आहे, मध्ये खोलगट जमीन आणि बाहेरून उभे कडे. इथल्या मूळच्या अद्न्यामथन्हा लोकांचं हे इकारा. त्यांच्या कथेत दोन अजस्र सर्प, अकुरा, इथे आले आणि त्यांच्या देहांचेच हे कडे झाले. सेंट मेरी हे फ्लिंडर्समधलं सर्वोच्च शिखर, सुमारे ११७० मीटर. त्याच्या माथ्यावर जाऊ नये अशी अद्न्यामथन्हांची विनंती आहे. पाटी आहे, पहारा नाही. वरून छान पॅनोरमा मिळेल हे खरं असलं तरी आम्ही त्या वाटेला गेलो नाही. राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय ड्रोन उडवायलाही मनाई आहे, त्याचं मला बरंच वाटतं. उंचावरून सगळंच सारखं सपाट दिसतं.

पहाटे साडेसहाला एल्डर रांगेसमोर उभे होतो. सूर्योदय सव्वासातनंतर. बाबांनी स्वेटरवर स्वेटर घातले होते, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट. एल्डर रांग रस्त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे पहिला उजेड थेट तिच्या अंगावर येतो. आधी माथ्याची किनार गुलाबी होते, मग तो रंग कड्यावरून खाली उतरत जातो. सगळा खेळ दहा-बारा मिनिटांचा. अशा वेळी सहा फ्रेम घेताना एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती आत घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर सोडून चालत नाही. तो प्रत्येक फ्रेमला वेगळा विचार करतो आणि जोडलेल्या आभाळात पट्टे दिसतात. एकदा मोजायचं, सगळं मॅन्युअलवर बांधायचं, व्हाइट बॅलन्ससुद्धा, आणि एका दमात डावीकडून उजवीकडे जायचं. पोलरायझर फिल्टर तर अशा कामाला घरीच ठेवावा. आभाळाच्या एका भागात तो गडद निळा डाग पाडतो आणि १२० अंशांत तो डाग हमखास दिसतो.

एल्डर रांग लांबट चौकटीसाठीच घडली आहे असं वाटतं. माथा जवळजवळ सलग, पायथ्याला देशी सायप्रसच्या झाडांची काळपट पट्टी, त्याखाली पिवळं गवत. काही कापावं लागत नाही.

दुपारी वाटेत कॅझनोचं झाड पाहिलं. हॅरल्ड कॅझनो या फोटोग्राफरने १९३७ मध्ये विल्पेनाजवळच्या या एकट्या रिव्हर रेड गमचा, म्हणजे निलगिरीच्या जातीतल्या झाडाचा, फोटो काढला आणि ‘स्पिरिट ऑफ एन्ड्युरन्स’ या नावाने तो ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक झाला. बुंधा आतून पोकळ, मुळं उघडी, आणि वर हिरवा पसारा. झाड अजून जिवंत आहे. इथे पॅनोरमा काढणं म्हणजे औचित्यभंग. उभं झाड, उभा नाहीतर चौकोनी फोटो. मी एकही फ्रेम घेतली नाही. बाबा बुंध्याचा घेर कवेने मोजत बसले.

कॅझनोच्याही आधी, १९२६ मध्ये, हान्स हायसन हा चित्रकार इथे आला होता. तोवर तो ॲडलेडजवळच्या हिरव्या टेकड्यांतले निलगिरीचे वृक्ष रंगवण्यासाठी नावाजलेला. इथे त्याला उघडे डोंगर भेटले आणि मग तो पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याची इथली चित्रं पाहिली तर झाडं जवळपास गेलेली दिसतात. डोंगरांची हाडं तेवढी राहतात.

संध्याकाळी रेझरबॅक लुकआउट. खाली बन्येरू खोऱ्यात उतरणारा नागमोडी कच्चा रस्ता आणि मागे एकामागे एक रांगा. हा फोटो इथे येणारा प्रत्येकजण काढतो आणि काढावा. फक्त वेळेचं भान हवं. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. सावली बघून दिशा सांगणारे बाबा ॲडलेडला येऊन महिना झाला तरी दर वेळी क्षणभर थबकतात. इथून आपण साधारण दक्षिणेकडे बघत असतो, त्यामुळे दुपारी ऊन पाठीवर येतं आणि डोंगर चपटे दिसतात. चारनंतर ते वायव्येकडून आडवं येतं, तेव्हा प्रत्येक घडीला सावली मिळते. आमच्या शेजारी सिडनीकडचं एक वयस्कर जोडपं खुर्च्या टाकून बसलं होतं. बाबांनी त्यांना तिळाची वडी दिली, त्यांनी थर्मासमधला चहा. चहाबद्दल बाबांचं मत इथे लिहीत नाही.

तंबूत सिडनीचाच विषय निघाला, कारण मी बाबांना होल्टरमनची गोष्ट सांगितली. सोन्याच्या खाणीत गबर झालेल्या बर्नहार्ट होल्टरमनने आपल्या घराच्या मनोऱ्यावरून चार्ल्स बेलिस या फोटोग्राफरकडून १८७५ मध्ये सिडनीचा पॅनोरमा करवून घेतला. २३ तुकडे, जोडून जवळपास दहा मीटर लांब. ओल्या काचेच्या प्लेटवर, एकेक रासायनिक द्रावणात बुडवून. बाबा विचारात पडले. “आणि तू सहा फ्रेमसाठी मला पहाटे उठवलंस?”

बुधवार : ब्रॅकायना घळ, मग मरी

ब्रॅकायना घळीत पॅनोरमा नाही. हे आधीच सांगते, कारण लोक रुंद लेन्सा घेऊन येतात आणि हिरमुसतात. दोन्ही बाजूंनी उभे कडे, मधून कोरडा ओढा, आणि नजर सारखी वर जाते. तरी वीसेक किलोमीटरचा हा कच्चा रस्ता सोडू नये. खडकांचे थर कलंडून उभे राहिले आहेत, त्यामुळे गाडी पुढे जाते तसतसं आपण कोट्यवधी वर्षं ओलांडत जातो. प्रत्येक थरापाशी पाटी आहे. जवळच्या एनोरामा ओढ्यात खडकात एक धातूची चकती बसवलेली आहे. एडियाकरन कालखंड इथून सुरू होतो, असं २००४ मध्ये जगभरासाठी ठरलं. डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या, मऊ अंगाच्या सगळ्यात जुन्या जीवांपैकी काहींचे ठसे याच पर्वतरांगेत रेग स्प्रिग या भूशास्त्रज्ञाला १९४६ मध्ये सापडले होते. बाबांना त्या चकतीची कल्पना एकदम पटली. “हद्दीचा दगड,” ते म्हणाले. “काळाची मोजणी केली आणि दगड रोवला.”

पिवळ्या पायांच्या रॉक वॉलबी दिसल्या. पट्ट्यापट्ट्यांची शेपटी, दगडावरून दगडावर अशा उड्या की फोकस लागायच्या आत गायब.

घळीतून बाहेर पडलं की डोंगर पाठीमागे राहतात आणि मैदान सुरू होतं. ली क्रीकची कोळशाची खाण २०१५ मध्ये बंद झाली, गाव आता अर्धं रिकामं. कॉपलीला क्वाँडाँग नावाच्या आंबट रानफळाचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, खाल्ला. लिंडहर्स्टला डांबर संपलं. टायरमधली हवा कमी केली, रस्ता उघडा असल्याची पाटी नीट वाचली. पाऊस झाला की हे रस्ते बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड. मग पुढचा सगळा मुलूख खडखडाटात गेला. लाटालाटांचा तो रस्ता सोसायचा असेल तर कॅमेरा सीटवर ठेवावा, डिकीत नको.

मरी हे उंटवाल्यांचं गाव. १८६५ च्या शेवटी थॉमस एल्डरने कराचीहून सव्वाशेच्या आसपास उंट आणि त्यांना हाकणारी माणसं जहाजाने पोर्ट ऑगस्टाला आणली. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता. कराची बंदरातून आलेली ही माणसं इथे सरसकट ‘अफगाण’ झाली, मग ती बलुची असोत, सिंधी असोत वा पंजाबी. तारेचे खांब, रेल्वेचे रूळ, लोकरीच्या गासड्या, पीठ, पियानो, सगळं उंटांवरून गेलं. पुढे मोटारी आल्या, उंट मोकळे सोडले गेले आणि आज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उंट रानटी फिरतात. मरीत त्यांच्या मशिदीची मातीच्या भिंतींची, गवती छपराची प्रतिकृती आहे. आगगाडीच्या रुळांनी गाव दोन भागांत वाटलेलं होतं. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळनिवासी. रूळ आता निकामी आहेत, पण गाव अजूनही त्यांच्या दोन्ही बाजूंना तसंच विखुरलेलं दिसतं. माळरानात टाकून दिलेलं डिझेल इंजिन मावळतीच्या उन्हात लालभडक दिसत होतं. त्याचा पॅनोरमा मात्र जमला. रिकाम्या पट्टीला एक गाठ लागते, ती इंजिनाने दिली. इंजिन डाव्या कडेला ठेवलं, उरलेल्या पाच फ्रेममध्ये नुसतं मैदान.

गुरुवार : ऊडनदत्ता ट्रॅक

मरी ते मार्ला हा ऊडनदत्ता ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा. जुनी घॅन रेल्वे इथूनच जायची, १९८० मध्ये ती बंद होऊन पश्चिमेला नवी लाइन आली. त्याआधी १८७२ ची तारेची लाइनही इथूनच गेली. कारण एकच, पाणी. जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिनचा साठा आहे, खंडाच्या पाचव्या भागाहून जास्त पसरलेला. मुख्यतः पूर्वेकडच्या डोंगरांत मुरलेलं पाणी लाखो वर्षं खडकांतून सरकत इथे येतं आणि उमाळ्यांमधून वर निघतं. उमाळ्यांच्या माळेवरून आधी मूळनिवाशांची वाट, मग तार, मग रेल्वे, मग आमची गाडी.

नव्वदेक किलोमीटरवर लेक आयर साउथ या खाऱ्या सरोवराचा लुकआउट. खाली पांढरं मीठ, वर निळं आभाळ, मध्ये एक रेघ. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “यात फोटो कशाचा काढायचा?”

प्रश्न बरोबर होता. काती थांडा-लेक आयर हे अरबाना लोकांसाठी पवित्र स्थान. पात्रात गाडी घालता येत नाही आणि आता फिरायला म्हणून चालत उतरण्यावरही बंदी आहे. म्हणजे मिठाच्या भेगा पुढ्यात ठेवून काढायचे नेहमीचे फोटोही नाहीत. काठावरूनच जे दिसेल ते. मी अठरा अंशांचे टप्पे लावले, एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवलं, कारण कॅमेरा मिठालाही करडं समजतो, आणि सहाऐवजी दहा फ्रेम घेतल्या. जवळजवळ १९० अंश. इतकं सपाट असेल तर ३:१ चा नियम मोडायला हरकत नाही. बाबा बुडबुड्यावर नजर ठेवून होते. कॅमेरा जराही खाली झुकला तर जोडलेलं क्षितिज धनुष्यासारखं वाकतं. नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं, पण त्यात वरखालचं बरंच कापलं जातं. मधूनच वारा आला की ते हात वर करायचे, वारा पडला की खाली. प्रत्येक फ्रेमला त्यांनी वहीत कोन लिहिला: ०, १८, ३६, ५४. मी म्हटलं, “बाबा, याची गरज नाही, कॉम्प्युटर जोडतो.” “असू दे,” म्हणाले.

तिथेच त्यांना गॉयडरची दुसरी गोष्ट सांगितली. रेषा आखण्याच्या आठ वर्षं आधी, १८५७ मध्ये, तो अशाच एका खाऱ्या सरोवरापर्यंत पोचला होता. नुकता पाऊस झालेला. त्याने परत जाऊन गोड्या पाण्याचं, कडे आणि बेटं असलेलं मोठं सरोवर असल्याचं कळवलं. मागोमाग सर्व्हेअर जनरल फ्रीलिंग होडी घेऊन निघाला, तर चिखल आणि घोटाभर पाणी. कडे आणि बेटं मृगजळाची होती. बाबा हसले नाहीत. दुपारच्या उन्हात लांबचं वाचन घ्यायचं नाही हे त्यांच्या साहेबाने त्यांना पहिल्या वर्षी शिकवलं होतं, एवढंच सांगितलं. सरोवराचा उत्तर आणि दक्षिण भाग जोडणाऱ्या खाडीला आज गॉयडर चॅनेल म्हणतात.

पुढे कर्डिमर्काचं ओसाड स्टेशन, मग वाब्मा कादार्बूचा ‘बबलर’. पिठलं रटरटावं तसे राखाडी वाळूचे बुडबुडे तळातून वर येतात, फुटतात, पुन्हा येतात. हा पॅनोरमाचा विषय नाही, पण अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. मुक्काम कॉवर्ड स्प्रिंग्जला. खजुराची झाडं, कोमट पाण्याचा हौद. बाबांनी गॅसवर थालीपीठ लावलं. मी टॉर्चच्या उजेडात कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, साफ केला. धुळीचा एक कण सेन्सरवर बसला की तो सहाही फ्रेममध्ये त्याच जागी येतो आणि जोडलेल्या आभाळात सारख्या अंतरावर सहा ठिपके उमटतात. ऊडनदत्ता ट्रॅकवर हे काम रोजचं.

शुक्रवार : विल्यम क्रीक आणि वरून

विल्यम क्रीक म्हणजे एक हॉटेल, एक धावपट्टी आणि बोटांवर मोजता येतील एवढी माणसं. आजूबाजूला ॲना क्रीक, जगातलं सर्वांत मोठं गुरांचं कुरण. सुमारे १५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपट, आणि एका मालकाचं. “सातबारा केवढा असेल,” बाबा पुटपुटले.

छोट्या विमानाने सरोवरावर गेलो. समुद्रसपाटीच्या खाली पंधरा मीटर, ऑस्ट्रेलियातली सर्वांत खोलगट जागा. भरतं तेव्हा साडेनऊ हजार चौरस किलोमीटर. १९७४ मध्ये भरलं तेवढं नोंदींमध्ये कधीच भरलेलं नाही. २०२५ मध्येही क्वीन्सलंडच्या पुराचं पाणी इथवर आलं. कोरडं असताना याच मिठावर डॉनल्ड कॅम्पबेलने १९६४ मध्ये गाडी ताशी ६४८ किलोमीटरने पळवून विक्रम केला. विमानातून पॅनोरमा जोडता येत नाही, निदान माझ्या पद्धतीने नाही. आपणच पुढे सरकत असतो, फिरण्याचा बिंदू पकडायचा कुठे? एक फ्रेम घ्यायची, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद, लेन्स काचेला टेकवायची नाही आणि मग घरी वरखाली कापायचं. रंग सुरेख होते. पण जमिनीवर उभं राहून जे अंतर पोटात जाणवतं ते वरून गेलं. बाबांना मात्र वरून फार आवडलं. नद्यांचे कोरडे मार्ग ते बोटाने काचेवर गिरवत होते.

कूबर पेडीपर्यंत १६६ किलोमीटर. संध्याकाळी पोचलो.

शनिवार : कूबर पेडी, ब्रेकअवेज

१९१५ मध्ये सोनं शोधायला आलेल्या बापलेकांपैकी चौदा वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि उजाड माळावर गाव उभं राहिलं. उन्हाळा टाळायला लोकांनी टेकडीच्या पोटात घरं कोरली. आत बारा महिने तापमान तेवीस-चोवीसच्या आसपास. आमची खोलीही तशीच, भिंतींवर यंत्राच्या पात्यांचे गोल व्रण. दिवसा तिथे बसून मिठाच्या दहा फ्रेम जोडायला घेतल्या.

जोडल्या गेल्या नाहीत. सॉफ्टवेअर शेजारच्या दोन फ्रेममध्ये सारख्या खुणा शोधतं: एखादा दगड, झुडूप, ढगाचा कोपरा. मीठ आणि आभाळ यांत खूण नव्हती. मधल्या तीन फ्रेम त्याने एकावर एक ठेवल्या, दोन टाकून दिल्या. बाबा पलंगावर पाय पसरून बसले होते. त्यांनी काही न बोलता वही पुढे केली. प्रत्येक फ्रेमचा आडवा कोन हाताने भरता येतो. ०, १८, ३६ असे दहा आकडे टाकले, उभा कोन सगळीकडे शून्य, आणि क्षितिज या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेघेत आलं. “बुडबुडा मध्यावर होता,” ते म्हणाले. नंतर दुपारभर ते खुशीत होते.

चारला ब्रेकअवेज, अर्थात कांकू. गावापासून तीसेक किलोमीटर, परवाना आधी घ्यावा लागतो. पठाराची कड झिजून सुट्या झालेल्या टेकड्या, पांढऱ्या, गेरूच्या, पिवळ्या. मी रंग बघत होते, बाबांनी वेगळंच दाखवलं. सगळ्या टेकड्यांचे माथे एकाच पातळीत आहेत. जुन्या पठाराची ती पातळी, वरचा कठीण थर टिकला तिथे माथा राहिला, बाकी वाहून गेलं. मग चौकट त्या पातळीवर बांधली, माथे एका आडव्या रेघेत ठेवले आणि आभाळाला जेमतेम एक बोट जागा दिली. सूर्य बुडाल्यावर बरेच लोक गाड्यांकडे वळले. खरा उजेड त्यानंतर. पाठीमागे, पूर्वेकडे, क्षितिजावर पृथ्वीची निळसर सावली वर चढते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. ऊन नसल्यामुळे डावीकडे झगमग आणि उजवीकडे काळोख असला त्रास नाही, सगळीकडे सारखा मऊ प्रकाश. पंधरा मिनिटं मिळतात.

अंधार पडण्याआधी, उताराच्या खाली, कुत्र्यांचं कुंपण गाठलं होतं. डिंगो या रानकुत्र्यांना दक्षिणेकडच्या मेंढ्यांपासून दूर ठेवणारं हे कुंपण पाच हजार सहाशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. साधी तारेची जाळी, माणसाच्या उंचीएवढी. मी तिच्यासमोर कॅमेरा लावला, सहा फ्रेम घेतल्या. रात्री जोडून दाखवल्या, तर बाबा उखडले. कुंपण मध्ये फुगून दोन्ही टोकांना वाकलं होतं. मी सांगितलं, गोल फिरून बघितलेलं सपाट कागदावर आणलं की जवळच्या सरळ रेघा वाकतात, क्षितिज तेवढं सरळ राहतं. “ते तुझं गणित. हद्द सरळ आहे, कागदावर वाकडी दाखवायची नाही.” तासभर वाद झाला. शेवटी मधल्या तीनच फ्रेम घेतल्या आणि प्रक्षेपण, म्हणजे गोल दृश्य सपाट करायची पद्धत, बदललं. सरळ रेघा सरळ ठेवणारं प्रक्षेपण कडेचं सगळं ताणतं, पण तीन फ्रेमपुरतं चालून जातं. चित्र आखूड झालं. मला लांबच आवडलं होतं.

रविवार : दक्षिणेकडे

स्टुअर्ट हायवे. डांबर, मागेपुढे पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, आणि त्यांना ओलांडताना घेतलेला श्वास. लेक हार्टला थांबलो. आणखी एक खारं सरोवर, कडेने रेल्वेचे रूळ. वारा इतका होता की तिकाटणं उभं राहीना, त्यामुळे गाडीतच चहा आणि चिवडा. फोटो कुठला छापायचा यावर चर्चा झाली. सहा फ्रेमचा पॅनोरमा माझ्या कॅमेऱ्यातून साधारण सतरा हजार पिक्सेल रुंद निघतो, चांगल्या कागदावर सहा फूट सहज. बाबांनी वाईच्या दिवाणखान्याची भिंत पाठ सांगितली, सव्वाअकरा फूट, दाराची चौकट सोडून. तिथे त्यांना मीठ हवं होतं, दहा फ्रेमवालं. एल्डर रांग नाही, ब्रेकअवेज नाही. खाली कडेला कोन छापायचे, ही अट. मी म्हटलं, आई भिंतीवर नुसती पांढरी पट्टी लावू देणार नाही. ते म्हणाले, तिला मी बघतो.

पोर्ट ऑगस्टाला पाच वाजता पोचलो. संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून ॲडलेडचे उरलेले तीनशे किलोमीटर सकाळवर टाकले आणि भाताची सोय कुठे होते ते शोधायला निघालो.